विजयमालाबाईंची लाल पट्टी

कोथरूडच्या चित्रांगण सोसायटीच्या फळ्यावर एके दिवशी सूचना लागली. ‘ज्येष्ठ सभासदांची मानसिक आरोग्य तपासणी रविवारी सकाळी दहा वाजता पार्किंगमध्ये होईल. तपासणी मोफत आहे, म्हणून गर्दी करू नये. चहा मिळेल. बिस्किटे माणशी दोन. आपल्याला काहीही झालेले नाही अशी खात्री असणाऱ्यांनीही यावे. खात्री तपासून मिळेल.’

खाली सही माधवरावांची. माधवराव सोसायटीचे अध्यक्ष. वय ऐंशीच्या आसपास, चेहरा आंबलेल्या ताकासारखा, आणि बोलणं कुठूनही सुरू झालं तरी संपणार ‘नाही’वर. गच्चीत वाळवण घालू का? नाही. दिवाळीला दिव्यांची माळ? नाही. लिफ्टमध्ये आरसा लावू या? नाही, स्वतःचा चेहरा विसरलात काय? अशी माणसं अध्यक्षपदावर फार टिकतात. त्यांना काढायचा ठरावही शेवटी त्यांच्यापुढेच मांडावा लागतो.

रविवारी रुपाली आली. चोवीस-पंचवीस वर्षांची, मानसशास्त्रात एम. ए. झालेली, पाठीला सॅक, हातात टॅब, आणि चेहऱ्यावर एवढी माया की समोरच्याला आपल्याला काहीतरी झालंय असं आपोआप वाटावं. ती ज्या संस्थेत होती त्या संस्थेने नवं अॅप काढलं होतं. त्यात वीस प्रश्न होते आणि प्रत्येकाला चार पर्याय: कधीच नाही, कधीतरी, बऱ्याचदा, जवळजवळ रोज. शेवटी एक पट्टी उमटायची. हिरवी म्हणजे छान, पिवळी म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे घरच्यांना कळवा. कळवायचं कामही अॅपच करायचं. माणसांना तेवढाही त्रास नको.

पहिला नंबर माधवरावांचा, कारण नावं त्यांनीच लिहून घेतली होती.

“काका, गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं?”

“नाही.”

“कशात रस वाटत नाही, असं झालं?”

“नाही.”

“चिडचिड होते?”

“नाही म्हणतोय ना!” माधवराव असे खेकसले की पार्किंगमधलं मांजर स्कूटरखाली गेलं.

वीसच्या वीस प्रश्नांना ‘कधीच नाही’. पट्टी हिरवीगार आली, वर एक हसरा सूर्य आला, आणि खाली मजकूर: ‘आपण अत्यंत प्रसन्न व्यक्ती आहात. आपला आनंद इतरांनाही वाटा.’ माधवरावांनी तो कागद छापून घेतला आणि फळ्यावर लावला. पुढचे काही दिवस चित्रांगणात लोक जिन्यात एकमेकांना भेटले की खाली बघत होते. वर बघितलं तर हसू आलं असतं.

माधवरावांच्या नंतर विजयमालाबाई.

विजयमालाबाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. वय चौऱ्याहत्तर. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्या एकट्याच राहत होत्या. त्यांचा मुलगा इंद्रजीत हडपसरला असायचा आणि दर फोनवर ‘आई, इकडे ये’ म्हणायचा. दर फोनवर त्या ‘बघू’ म्हणायच्या. पुण्यात ‘बघू’ याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. विजयमालाबाईंना त्यांचं घर सोडायचं नव्हतं. बाकी कशाबद्दलही त्यांच्याशी वाद घालता यायचा, या एका गोष्टीबद्दल नाही.

“बसा हं, आजी,” रुपाली म्हणाली.

“आजी कुणाची?”

“सॉरी. काकू.”

“विचार.”

शाळेत आयुष्य गेल्यामुळे प्रश्नपत्रिका म्हटली की त्यांचे दोन नियम ठरलेले होते. एकही प्रश्न सोडायचा नाही, आणि खरं तेच लिहायचं.

“झोप पहाटे लवकर मोडते का?”

“ती कशाला मोडेल? मीच मोडते. चार वाजता. रोज.”

“मग परत लागत नाही?”

“लागली तर अख्खी सोसायटी पारोशी राहील.”

याला थोडा इतिहास होता. महापालिकेचं पाणी पहाटे यायचं आणि उजाडायच्या आत जायचं. तेवढ्यात पंप लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागायचं, आणि टाकी भरली की तो बंद करावा लागायचा. पंप आपोआप बंद करणारं यंत्र पूर्वी होतं. ते बिघडल्याला बरीच वर्षं झाली. दुरुस्तीसाठी तीन ठिकाणची दरपत्रकं मागवावीत असा ठराव झाला होता. त्यातली दोन आली. तिसऱ्याची वाट बघणं चालू होतं. तोवर तात्पुरती सोय म्हणून विजयमालाबाई उठत होत्या.

रुपालीने ‘जवळजवळ रोज’ दाबलं. पंपासाठी अॅपमध्ये जागा नव्हती.

“हालचाली पूर्वीपेक्षा मंदावल्यात?”

“पूर्वी म्हणजे कधीच्या?”

“म्हणजे, आधीपेक्षा.”

“लंगडीत जिल्ह्यात दुसरी आले होते मी. त्या मानाने मंदावल्यात. रोज लिही.”

“जेवण कमी झालंय?”

“रात्री कपभर दूध. बास.”

“म्हणजे जेवावंसं वाटत नाही?”

“वाटतं ना. पचत नाही.”

असाही पर्याय नव्हता. रोज.

“पुढच्या आयुष्याबद्दल काही ठरवावं, योजना कराव्यात, असं वाटतं का?”

“केल्यात की सगळ्या.” विजयमालाबाई खुर्चीत सरसावून बसल्या. हा धडा त्यांच्या आवडीचा होता. “देहदानाचा अर्ज भरलाय. डोळे आधी, मग बाकीचं. गंगेचा गडू देवघराच्या खालच्या फळीवर आहे, आयत्या वेळी शोधाशोध नको. निळी इरकल बाजूला काढून ठेवलीय. शेजारच्या निशाला सांगितलंय की धायरीच्या माझ्या चुलतभावाला सगळ्यात शेवटी कळव. तो आला की भाषण करतो.”

रुपालीचं बोट टॅबच्या वर थांबलं. “काकू, मरणाचे विचार येतात तुम्हाला?”

“रोज. पंप लावला की टाकी भरेपर्यंत वेळच असतो. तेव्हा.”

“भीती वाटते?”

“कशाची? पंपाची?”

आता यात विजयमालाबाईंचं वेगळं असं काहीच नव्हतं. चित्रांगणाच्या बाकावर रोज संध्याकाळी हीच चर्चा व्हायची. तरुण माणसं सुट्टीत कुठे जायचं, कुठलं हॉटेल बरं, नाश्ता धरून किती, असं बोलतात तशी ही मंडळी त्या शेवटच्या सहलीबद्दल बोलायची. कोण झोपेत गेलं, कुणाचे हाल झाले, कुणाच्या तेराव्याला जिलबी बरी होती. त्यावर वाद व्हायचे, हशा व्हायचा, आणि मग डास चावायला लागले म्हणून सगळे उठून घरी जायचे. पण बाकावर अॅप नव्हतं. अॅप पार्किंगमध्ये होतं, आणि त्याने लाल पट्टी दाखवली.

“लाल म्हणजे पास की नापास?”

“तसं नसतं हो काकू.”

“म्हणजे नापास.” विजयमालाबाईंनी चष्मा पुसला. “बाळ, सुरुवातीला माझं वय लिहून घेतलंस ना? त्याचं पुढे काय होतं?”

रुपालीने टॅबवर वर-खाली करून पाहिलं. पोरगी प्रामाणिक होती. “ते साठवलं जातं.”

“लोणच्यासारखं?”

“खरं सांगू का काकू, हे प्रश्न कॉलेजच्या मुलांवर तपासून घेतलेत. अठरा ते बावीस वयाच्या.”

“त्यांच्यातली किती जणं चारला उठून पंप लावतात?”

“त्यांच्यातलं कुणी चारला उठलं, तर खरंच काळजीचं असतं,” रुपाली म्हणाली, आणि स्वतःच्याच वाक्यापाशी जरा थबकली. “मी वर कळवते. तुमचा रिपोर्ट पुन्हा बघायला सांगते.”

पण रिपोर्ट केव्हाच हडपसरला पोचला होता.

इंद्रजीत सत्तेचाळीस वर्षांचा, एका मोठ्या कंपनीत मॅनेजर, चौदाव्या मजल्यावर राहणारा. बायको शर्मिला नोकरीनिमित्त वर्षभरासाठी सिंगापूरला गेली होती. मुलगी शिकायला बाहेरगावी. एरवी हडपसरहून कोथरूडला यायला त्याला तीन-चार आठवडे लागायचे. त्या दिवशी तो तासाभरात आला.

आला तेव्हा आई थालीपीठ खात होती आणि टीव्हीवर पुरणपोळीत वेलदोडा आधी घालणाऱ्या बाईला अद्दल घडवावी असं मोठ्याने सांगत होती.

“आई, तू ठीक आहेस ना?”

“आहे की. बस. लोणी संपवू नकोस, मलाही लागतंय.” आणि त्या हसल्या.

इंद्रजीतचा चेहरा आणखी पडला. त्याने फोन पुढे केला. रिपोर्टच्या शेवटी जाड अक्षरांत लिहिलं होतं: ‘व्यक्ती हसतमुख दिसली तरी फसू नका. हसून दुःख लपवणे हेही लक्षण असू शकते.’

“आणि मी रडत बसले असते तर?”

“तर लक्षण उघडच होतं.”

“म्हणजे आता फक्त शिंकून बघायचं राहिलं.”

“आई, थट्टा नको. तू इथे एकटी राहायचं नाहीस. पंधरा दिवस माझ्याकडे चल. आपण बघू, फरक पडतो का.”

“फरक पडला तर?”

“तर तिथे तुला मानवतंय. मग तिथेच राहायचं.”

“आणि नाही पडला तर?”

“तर एकटं कसं ठेवणार तुला?”

दोन्ही उत्तरांना एकच मार्क मिळतो अशी प्रश्नपत्रिका विजयमालाबाईंनी नोकरीत कधी काढली नव्हती. त्या नाहीच म्हणणार होत्या. पण इंद्रजीत गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेत उभा होता, आणि चौथीत सहलीचे पैसे मागताना तो असाच उभा राहायचा. त्याची नजर थालीपिठावर होती आणि तो घास घेत नव्हता.

“पंधरा दिवस,” त्या म्हणाल्या. “सोळावा नाही.”

पंपाच्या खोलीची किल्ली त्यांनी माधवरावांच्या हातात दिली. “आता तुम्ही बघा पंपाचं.”

“नाही,” माधवराव सवयीने म्हणाले. पण लिफ्टचं दार तोपर्यंत लागलं होतं.

हडपसरचं घर फार सोयीचं होतं. दिवे टाळी वाजवली की लागायचे. पडदे बटणावर सरकायचे. स्वयंपाकाची बाई वेळेवर येऊन वेळेवर जायची आणि मधल्या वेळात ओट्यापाशी कुणी उभं राहिलेलं तिला खपायचं नाही. पाणी तर कुठून येतं, कधी येतं, कोण चढवतं, याची बिल्डिंगमध्ये कुणाला दादच नव्हती. नळ सोडला की यायचं. पहिल्या पहाटे विजयमालाबाई चारला उठल्या, अंधारात चपला शोधल्या, आणि मग कुठे जायचं ते न सुचून पुन्हा आडव्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सातला उठल्या. पाचव्या दिवशी बाईने हाक मारली तेव्हा.

संध्याकाळी त्या खाली बागेत जाऊन बघून आल्या. बाकं होती. त्यावर ‘ज्येष्ठांसाठी राखीव’ असं इंग्रजीत लिहिलं होतं. ज्येष्ठ नव्हते. एक बाई भेटल्या, पण त्या कानात यंत्र घालून दिल्लीतल्या मुलीशी बोलत वेगाने चालत होत्या. थांबल्याच नाहीत. मग विजयमालाबाई चौदाव्या मजल्याच्या गॅलरीत बसून खालचा पोहण्याचा तलाव बघू लागल्या. त्यात कुणी पोहत नव्हतं. त्या मात्र सकाळी बसल्या की जेवायलाच उठायच्या. टीव्हीवरच्या बाईने पुरणात वेलदोडाच घातला नाही तरी त्या काही बोलल्या नाहीत.

आठव्या दिवशी अॅपने आठवणीने प्रश्न पाठवले. विजयमालाबाईंनी नेहमीप्रमाणे खरं तेच लिहिलं. पहाटे झोप मोडते? कधीच नाही. जेवण कमी? कधीच नाही. ताट येतं, समोर दुसरं काही नसतं, खाल्लं जातं. हालचाली मंदावल्यात? हालचालच नाही, मंद काय व्हायचं? कधीच नाही. मरणाचे विचार? त्यांनी थोडा वेळ आठवून पाहिलं. नाही आले. इथे कसलेच विचार येत नव्हते.

पट्टी हिरवी आली. वर सूर्य हसला.

“बघ! मी म्हणत होतो ना!” इंद्रजीतला मनापासून आनंद झाला. कित्येक दिवसांत तो एवढ्या मोठ्याने बोलला नव्हता. “केवढा फरक! आई, आता परत कशाला जातेस? कोथरूडचा फ्लॅट भाड्याने देऊन टाकू. माझ्या ओळखीचा एजंट आहे, शनिवारी बघायला जाईल.”

विजयमालाबाई “बघू” म्हणाल्या नाहीत. काहीच म्हणाल्या नाहीत. ते त्यांना स्वतःलाच चमत्कारिक वाटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी माधवरावांना फोन लावला.

“वहिनी, कधी येताय?” माधवरावांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

“का हो?”

“वॉचमनला सांगितलं होतं पंपाचं. वैजनाथला. पहाटे उठला, पंप लावला आणि परत झोपला. पार्किंगमध्ये तळं. दुसऱ्या दिवशी त्या धास्तीने उठलाच नाही. टाकी कोरडी.”

“मग?”

“मग काय? सगळे पारोसे आणि प्रसन्न.”

“आणि तुम्ही का नाही उठत?”

“नाही,” माधवराव म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी विजयमालाबाईंच्या डोक्यात बऱ्याच दिवसांनी एक विचार आला. एवढ्या मोठ्या बिल्डिंगला पंप असणारच. तो बघून तरी यावा. पंप बघितला की जरा माणसात आल्यासारखं वाटेल. खालच्या रखवालदाराला त्यांनी पंपाची खोली विचारली. असा प्रश्न त्याला नोकरीत पहिल्यांदाच कुणी विचारला होता. त्याने तळघराच्या दुसऱ्या मजल्याकडे बोट केलं.

पंपाच्या खोलीला कुलूप होतं आणि आतून घरघर ऐकू येत होती. त्यांनी दाराला कान लावून ती थोडा वेळ ऐकली. चांगला पंप होता. परत वळल्या तर समोरच्या रांगेत इंद्रजीतची पांढरी गाडी. इंजिन बंद, दिवे बंद, आणि आत इंद्रजीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या भिंतीवर. फोन मांडीवर पालथा पडलेला.

विजयमालाबाईंनी स्वतःचा फोन काढून बघितला. त्यावर त्याचा अर्ध्या तासापूर्वीचा निरोप होता: ‘ट्रॅफिकमध्ये आहे. उशीर होईल. तू जेवून घे.’

त्या दुसऱ्या बाजूने गेल्या, दार उघडलं आणि शेजारी बसल्या. समोरच्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, “बरंच आहे की ट्रॅफिक.”

इंद्रजीत दचकला. “आई! तू इथे काय करतेस?”

“पंप बघायला आले होते. असं रोज असतं का?”

“काय?”

“ट्रॅफिक.”

तो मागे टेकला. “बऱ्याचदा,” म्हणाला. मग म्हणाला, “जवळजवळ रोज.”

“मग वर येत का नाहीस रे?”

“हल्ली येतो लवकर. तू आहेस म्हणून. आधी तास-दीड तास जायचा इथे. वर जाऊन काय करायचं? दार उघडायचं मीच आणि लावायचंही मीच.”

विजयमालाबाईंनी हात पुढे केला आणि परत घेतला. पोरगा सत्तेचाळीस वर्षांचा होता. “आणि तुझी पट्टी कुठली?”

“हिरवी. कंपनीत दर तीन महिन्यांनी असलंच एक भरून घेतात.”

“हिरवी कशी?”

“अगं, त्याची पद्धत असते. नाव विचारत नाहीत, पण लाल आली की एचआर बरोबर नाव घेऊन बोलावतं. म्हणून सगळ्याला ‘कधीच नाही’ टाकायचं, दोन ठिकाणी ‘कधीतरी’. सगळीकडेच ‘कधीच नाही’ टाकलं तर खोटं वाटतं.”

“म्हणजे कॉपी.”

“माझी अख्खी टीम असंच भरते. मीच शिकवलंय त्यांना.”

“वा! म्हणजे कॉपीचे क्लास.” त्यांनी त्याच्या मांडीवरचा फोन उचलून त्याच्या हातात दिला. “ते रुपालीचं अॅप उघड. माझ्यासमोर भर. इथे एचआर नाही.”

“आई, हे वेडेपणाचं आहे.”

“आजूबाजूला बघायचं नाही. वेळेचं बंधन नाही. सगळे प्रश्न सोडवायचे.”

तो हसला. पहिल्या तीन प्रश्नांना हसतच बोट फिरवत होता. चौथ्याला थांबला. विजयमालाबाई पुढे भिंतीकडे बघत बसल्या, कारण पर्यवेक्षकाने विद्यार्थ्याच्या पेपरात डोकावायचं नसतं. बराच वेळ पलीकडच्या पंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती. एकदा त्याने नाक ओढलं. त्यांनी पदराच्या टोकाला बांधलेला रुमाल सोडून न बघता त्याच्या बाजूला सरकवला. शेवटी अॅपने विचारलं: ‘आणीबाणीत कुणाला कळवायचे?’

“शर्मिलाला नको. तिच्याकडे आता मीटिंगची वेळ असेल,” तो पुटपुटला, आणि पाठ असलेला एकच दुसरा नंबर त्याने लिहिला.

पट्टी लाल आली. क्षणभराने विजयमालाबाईंच्या हातातला फोन वाजला. त्यांनी चष्मा चढवला आणि वर्गात वाचतात तसं खणखणीत वाचलं: “‘आपल्या जवळच्या व्यक्तीला आधाराची गरज आहे. त्यांना एकटे ठेवू नका. शक्य असल्यास काही दिवस आपल्याकडे आणा. व्यक्ती हसतमुख दिसली तरी फसू नका.’” चष्मा उतरवला. “आपल्याकडे म्हणजे कोथरूडला. चल वर, बॅग भर.”

“अगं, पण ऑफिस?”

“कोथरूडला वीज आहे, इंटरनेट आहे. रस्ता तेवढा खणलेला आहे. तुला घरूनही काम करता येतं, तूच सांगतोस.”

“आई, मी तुला बरं वाटावं म्हणून इथे आणलं होतं.”

“तेवढ्यासाठीच आणलं होतंस?”

इंद्रजीतने भिंतीकडे बघितलं. आधी विजयमालाबाई बघत होत्या तिथेच. “नुसतंच ये म्हटलं तर तू ‘बघू’ म्हणतेस,” तो म्हणाला.

असाही पर्याय अॅपमध्ये नव्हता. विजयमालाबाई दार उघडून उतरल्या.

“आणि तुझी हिरवी पट्टी?” लिफ्टमध्ये त्याने विचारलं. “तुला इथे मानवलं होतं.”

“तिला राहू दे इथेच. घर रिकामं नको.”

शनिवारी एजंट फ्लॅट बघायला आला तेव्हा दार इंद्रजीतनेच उघडलं. त्याच्या हातात थालीपीठ होतं. एजंटला चहा मिळाला, बिस्किटं दोन.

रुपालीही आली. इंद्रजीतचा रिपोर्ट तिने नीट वाचला, त्याच्याशी बराच वेळ दार लावून बोलली आणि एका डॉक्टरांचं नाव दिलं. तो गुरुवारचा तिकडे जायला लागला. सिंगापूरहून शर्मिलाचा रोज फोन येऊ लागला, आणि मीटिंगची वेळ असली तरी येऊ लागला. या वेळी प्रश्नपत्रिकेने चूक केली नव्हती, हे विजयमालाबाईंनी मोठ्या मनाने कबूल केलं. “सत्तेचाळिसाव्या वर्षाला तुझं यंत्र ठीक चालतं,” त्या रुपालीला म्हणाल्या. “फक्त विद्यार्थी कॉपी करतात. आणि माझ्या वयाला ते चालतच नाही, कारण आम्ही करत नाही.”

“माधवकाका?” रुपालीने हळूच विचारलं.

“ते नापास होऊ शकत नाहीत. त्यांना प्रश्नच ऐकू जात नाहीत, त्यांना फक्त स्वतःचं उत्तर ऐकू येतं.”

वयाच्या रकान्याचं काहीतरी करा, असं रुपालीने आपल्या संस्थेला कळवलं होतं. तिलाही अॅपनेच उत्तर दिलं: ‘आपला अभिप्राय साठवला आहे.’ विजयमालाबाई “लोणच्यासारखा” म्हणणार होत्या, पण पोरीचा चेहरा पाहून त्यांनी तिला खरं लोणचंच बांधून दिलं.

डॉक्टरांनी इंद्रजीतला ठरावीक वेळी उठायला सांगितलं होतं. कुठली वेळ, ते विजयमालाबाईंनी ठरवलं. पहिले काही दिवस तो आईच्या मागून डोळे चोळत जिना उतरायचा. मग एकटा जायला लागला. टाकी भरेपर्यंत पायरीवर बसून तो वैजनाथशी बोलायचा. वैजनाथ आता इंद्रजीतच्या भरवशावर निवांत झोपायचा, तेव्हा बोलणं बहुतेक एकट्याचंच व्हायचं. तरी व्हायचं. एकदा तो वर येऊन उत्साहाने म्हणाला, “आई, ते बंद पडलेलं यंत्र मी तासाभरात बसवून देतो. साधा सेन्सर तर आहे. मग कुणालाच उठायला नको.”

“खबरदार,” विजयमालाबाई म्हणाल्या. “तिसरं दरपत्रक यायचंय.”

पंधरा दिवस होऊन गेले. सोळावाही गेला. बाकावर एका संध्याकाळी माधवरावांनी इंद्रजीतकडे बोट करून विचारलं, “हा किती दिवस आहे?” विजयमालाबाई म्हणाल्या, “बघू.”

दुसऱ्या दिवशी अॅपने आठवणीने प्रश्न पाठवले. पहाटेचे सव्वाचार झाले होते, खाली पंप सुरू झाला होता, विजयमालाबाई सवयीने जाग्याच होत्या. त्यांनी गॅलरीत बसून पेपर सोडवला. झोप मोडते? रोज. जेवण? दूध. योजना? धायरीच्या भावाला आता अजिबातच कळवू नये असं ठरतंय. मरणाचे विचार? कालच बाकावर तासभर. मजा आली.

थोड्या वेळाने पंप बंद झाला आणि जिन्यात पावलं वाजली. इंद्रजीत फोन हातात घेऊन दारात उभा राहिला. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता.

“आई, तू परत लाल झालीस.”

“झाले ना? वाटलंच मला. जरा बरं वाटतंय.”

त्याने पुन्हा एकदा फोनकडे बघितलं, आणि तो खिशात टाकला.

“चहा ठेवू?”

“ठेव. आणि आलं किसून घाल, ठेचून नको.”